कागद, वीज आणि आग : छपाईयंत्रे वापरताना घ्यावयाची दक्षता

आजच्या काळात सामान्य माणसाचे अर्धे आयुष्य कागदावर उभे आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बँकेचे पासबुक, यांपैकी एक कागद कमी पडला तरी काम अडते. म्हणूनच परभणीच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परिसरापासून गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, पूर्णा, पालम, सोनपेठ या तालुक्याच्या गावांपर्यंत जिथे कचेरी तिथे झेरॉक्सचे दुकान, हे समीकरणच होऊन बसले आहे. जून महिन्यात प्रवेशाची धावपळ सुरू झाली किंवा पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली की ही यंत्रे सकाळपासून रात्री उशिरापर्यंत एका क्षणाचीही उसंत न घेता चालतात.

या दुकानांतून आणि सेवा केंद्रांतून काम करणारी बहुसंख्य मुले-मुली आपल्याच घरांतली आहेत. कोणी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजनेतून, कोणी २०१५ पासून सुरू झालेल्या मुद्रा कर्जातून, तर कोणी आईचे दागिने गहाण ठेवून हा व्यवसाय उभा केलेला असतो. दहा बाय बाराची खोली, त्यात एक मोठे झेरॉक्स यंत्र, एक-दोन प्रिंटर, संगणक, लॅमिनेशनचे यंत्र, आणि भिंतीला टेकून रचलेली कागदाची रिमे. जळण्यासाठी लागणारे सर्व साहित्य आणि पेटण्यासाठी लागणारी उष्णता अशा एका खोलीत एकत्र नांदत असतात. त्यामुळे या यंत्रांची वीज आणि आग यांच्या दृष्टीने काळजी कशी घ्यावी, याची माहिती प्रत्येकाला असणे अगत्याचे आहे. कार्यालयात काम करणाऱ्या नोकरदार वर्गालाही ती तितकीच उपयोगी पडेल.

यंत्राच्या पोटात काय चालते?

झेरॉक्स हे खरे तर एका अमेरिकन कंपनीचे नाव. आपण ते कामाचेच नाव करून टाकले. या छपाईचे तत्त्व चेस्टर कार्लसन यांनी शोधले व २२ ऑक्टोबर १९३८ रोजी पहिली प्रत काढून दाखविली. शाई न वापरता स्थिर विजेच्या आकर्षणाने काळी पूड कागदावर आणायची आणि उष्णतेने ती वितळवून पक्की करायची, हे ते तत्त्व. आजचे लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स यंत्र याच पद्धतीने चालतात. ड्रमवर विजेचा भार चढतो, प्रकाशाने त्यावर अक्षरांची छाया उमटते, त्या छायेला टोनरची पूड चिकटते, ती कागदावर उतरते आणि शेवटी कागद तापलेल्या रोलरमधून बाहेर पडतो. प्रत हातात येते तेव्हा ती कोमट लागते ती यामुळेच.

या तापलेल्या भागाला फ्यूजर म्हणतात. त्याचे तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस असते. कागद सुमारे २३० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकतो. म्हणजे कागद आणि आग यांच्यातील अंतर तिथे फार थोडे उरलेले असते. ते अंतर राखण्यासाठी कंपन्या आत तापमान मोजणारा भाग आणि जास्त तापल्यास वीज तोडणारा थर्मल फ्यूज बसवितात.

ही व्यवस्था सुरुवातीपासून आजच्याइतकी पक्की नव्हती. १९५९ मध्ये बाजारात आलेले '९१४' हे झेरॉक्स कंपनीचे पहिले गाजलेले यंत्र कधीकधी जास्त तापून पेट घेई. कंपनी त्या यंत्रासोबत 'जळवण निवारक' अशा अर्थाच्या नावाची एक वस्तू देत असे. प्रत्यक्षात ते आग विझविण्याचे लहानसे नळकांडे होते! अमेरिकेतील ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांनी तर आपल्या कार्यालयातील यंत्र चार महिन्यांत तीनदा पेटल्याचे सांगितले होते. आजची यंत्रे त्या मानाने खूपच सुरक्षित आहेत. परंतु दुरुस्तीच्या वेळी थर्मल फ्यूज उडालेला दिसला आणि तो मिळत नाही म्हणून मेकॅनिकने तिथे साधी तार जोडून दिली, तर आपण यंत्राला पुन्हा १९५९ सालात नेऊन ठेवतो. जुनी, बाहेरगावाहून आणलेली यंत्रे आपल्याकडे बरीच वापरली जातात. ती घेताना 'फ्यूजरचा थर्मल फ्यूज मूळचा आहे ना?' हा प्रश्न अवश्य विचारावा.

आग जोडातून लागते

यंत्राविषयी इतके सांगितल्यावर मुख्य मुद्द्याकडे येऊ. छपाईच्या खोलीत आग लागण्याचा धोका यंत्रापेक्षा त्याच्या मागच्या भिंतीवर अधिक असतो. सैल सॉकेट, पिळून जोडलेली वायर, एकाच बोर्डाला लटकलेली चार यंत्रे, हे तिचे खरे माहेरघर. अनुभवी वायरमन म्हणतात, वायर मधेच क्वचित जळते. जळते ती जोडावर.

असे का होते ते साध्या हिशोबाने समजून घेता येईल. मध्यम आकाराचे झेरॉक्स यंत्र तापताना सुमारे १३०० वॅट वीज घेते. २३० व्होल्टला याचा अर्थ जवळजवळ ६ अँपिअर प्रवाह. सॉकेटमधील पितळी पट्टी सैल झाली आणि त्या जागी अवघ्या अर्ध्या ओहमचा अडथळा निर्माण झाला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले अडथळा या नियमाने ३६ गुणिले अर्धा म्हणजे १८ वॅट उष्णता त्या एका टोकावर साचते. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातील डाग देण्याची इस्त्री साधारण २५ वॅटची असते आणि ती कथील वितळविते. म्हणजे जवळपास तशीच एक इस्त्री आपण प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये दिवसभर चालू ठेवल्यासारखे होते. सॉकेट आधी पिवळे पडते, मग तपकिरी, मग जळका वास येतो. यंत्राचा फ्यूजर सतत चालू-बंद होत असल्याने जोड तापतो आणि निवतो, आणि त्यामुळे स्क्रू आणखी सैल होत जातो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "आमच्याकडे एमसीबी बसविलेला आहे, काही झाले तर तो आपोआप पडेल," असे अनेक जण निर्धास्तपणे सांगतात. एमसीबी प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला तरच पडतो. सैल जोडामुळे प्रवाह वाढत नाही, फक्त त्या जागी उष्णता वाढते. एमसीबीला ती दिसत नाही. ती माणसाच्या नाकालाच कळते आणि डोळ्यालाच दिसते. म्हणून सॉकेटचा रंग, वास आणि वायर जिथे पिनमध्ये शिरते तेथील ऊब, यांकडे आठवड्यातून एकदा तरी लक्ष द्यावे. ऊब पाहताना कोरड्या हाताचा मागचा भाग प्लगच्या बाहेरच्या प्लॅस्टिकजवळ न्यावा. धातूला कधीही हात लावू नये. डाग किंवा ऊब आढळली तर यंत्र बंद करून सॉकेट बदलून घ्यावे. साठ-सत्तर रुपये वाचविण्याची ही जागा नव्हे.

एका बोर्डावर किती भार?

सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटची किंवा एक्स्टेन्शन बोर्डाची क्षमता २३० व्होल्टला १३८० वॅट असते. सोळा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटची ३६८० वॅट. आता नमुन्यादाखल एका दुकानाचा भार मांडून पाहू. झेरॉक्स यंत्र १३००, लॅमिनेशन ५००, लेझर प्रिंटर ४५०, संगणक २००, पंखा ७५. एकूण २५२५ वॅट, म्हणजे सुमारे ११ अँपिअर. हे सर्व एका सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शनवर घातले तर बोर्ड जवळजवळ दुप्पट भार वाहतो. आणि मागे १६ अँपिअरचा एमसीबी असेल तर ११ अँपिअरला तो हलणारही नाही. बोर्ड शिजत राहील आणि एमसीबी निवांत बसून राहील.

म्हणून मोठ्या यंत्राला भिंतीतले स्वतंत्र १६ अँपिअरचे सॉकेट द्यावे. त्यासाठी निदान २.५ चौरस मिलिमीटरची, आयएसआय शिक्का असलेली तांब्याची वायर वापरावी. मीटरपासून अंतर जास्त असेल तर ४ ची. एका एक्स्टेन्शनला दुसरे एक्स्टेन्शन कधीही जोडू नये. सोळा अँपिअरची जाड पिन तासून लहान सॉकेटमध्ये घालण्याचा किंवा प्लग तोडून नुसत्या वायरी काडीने सॉकेटमध्ये खोचण्याचा प्रकार तर कटाक्षाने टाळावा. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेल्या स्थितीत ठेवू नये. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही. वायर सतरंजीखालून, दाराच्या फटीतून किंवा चाकाच्या खुर्चीखालून नेऊ नये. बँकांमध्ये आणि कचेऱ्यांमध्ये काउंटरखाली पाहिले तर खुर्चीच्या चाकाने चेपलेली एखादी वायर हमखास दिसते.

संगणकाचा लहान यूपीएस आणि घरगुती इन्व्हर्टर यांवर लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्स यंत्र चालवू नये. फ्यूजर चालू होताना एकदम मोठा प्रवाह ओढला जातो आणि यूपीएस त्या धक्क्याने बिघडतो किंवा तापतो. पासबुक छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर व शाईचा इंकजेट प्रिंटर कमी वीज घेतात, ते यूपीएसवर चालू शकतात. मात्र डॉट मॅट्रिक्सचे हेड सलग छपाईनंतर चांगलेच तापते, हे रिबन बदलताना ध्यानात ठेवावे.

आपल्या भागातील विशेष अडचणी

कंपनीच्या पुस्तिकेत न सापडणाऱ्या काही गोष्टी मराठवाड्यात काम करणाऱ्याने लक्षात ठेवल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत परभणीचा पारा चाळीसच्या वर असतो आणि कधीकधी ४४-४५ अंशांपर्यंत जातो. वायरीची व सॉकेटची क्षमता खोलीच्या तापमानावर अवलंबून असते. पत्र्याच्या छपराखालील दुकानात दुपारी तीच वायर अधिक लवकर तापते. यंत्राच्या मागे व बाजूला निदान वीतभर जागा मोकळी सोडावी, हवा येण्याच्या जाळ्या कागदाने किंवा कापडाने झाकू नयेत, आणि सलग हजार-दोन हजार प्रतींचे काम असेल तर यंत्राला मधून विश्रांती द्यावी.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते, परंतु उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याचा उपयोग उरत नाही. यंत्रात बिघाड होऊन लोखंडी भागात वीज उतरली तर ती जमिनीत जाण्याऐवजी हात लावणाऱ्या माणसातून जाते. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे आणि वर्षातून एकदा वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. तीन पिनच्या प्लगमधील वरची जाड, लांब पिन हीच अर्थिंगची पिन. ती तोडून प्लग टू-पिन करणे म्हणजे आपल्या जिवाचा रखवालदार हाकलून देणे होय. याशिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मेन बोर्डात बसवावा. शॉक बसण्याच्या प्रसंगी तो डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडतो. त्यावर चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

तिसरी गोष्ट न्यूट्रलची. तीन फेजच्या लाइनवर कुठेतरी न्यूट्रल तार तुटली किंवा सैल झाली तर काही घरांत दिवे मंद होतात आणि काही घरांत एकदम प्रखर. प्रखर दिसणाऱ्या ठिकाणी २३० ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्ट पोहोचू शकतात आणि यंत्रातील भाग जळून जातात. दिवे असे लहान-मोठे होऊ लागले की आधी मेन स्विच बंद करावा आणि मगच महावितरणला कळवावे. वीज गेली तरीही यंत्रांचे स्विच बंद करून ठेवावेत. वीज परत येते तेव्हा पहिले काही क्षण तिचा दाब स्थिर नसतो, आणि सर्व यंत्रे एकदम चालू झाल्याने भारही एकदम पडतो. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग सॉकेटमधून काढूनच ठेवावा.

चौथी गोष्ट उंदरांची. कागदाची रद्दी, यंत्राखालची ऊब आणि शेजारच्या दुकानातील धान्य यांमुळे उंदीर यंत्राच्या पोटात बिऱ्हाड करतात. ते वायरीचे आवरण कुरतडतात आणि कागदाचे तुकडे आत नेऊन घरटे बांधतात. उघडी तार आणि कोरडे घरटे एकत्र आले की ठिणगीला निमंत्रणच. यंत्राखालचा भाग दर आठवड्याला झाडून घ्यावा आणि वायरी जिथून भिंतीत शिरतात ती भोके सिमेंटने बुजवावीत.

टोनर, थिनर आणि लॅमिनेशन

टोनरची पूड म्हणजे अत्यंत बारीक दळलेले प्लॅस्टिक आणि रंगद्रव्य. कोणतीही बारीक ज्वलनशील पूड हवेत उडाली आणि तिला ठिणगी मिळाली तर ती भडकू शकते. म्हणून सांडलेला टोनर फुंकरीने किंवा ब्लोअरने उडवू नये. घरच्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरनेही ओढू नये, त्याच्या मोटारीत ठिणगी असते. यंत्राचा प्लग काढून किंचित ओलसर कापडाने तो टिपून घ्यावा. हात थंड पाण्याने धुवावेत, कारण गरम पाण्याने पूड मऊ होऊन चिकटते. रीफिलिंग करणाऱ्या मुलांनी तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधावा. रिकामे कार्ट्रिज कचऱ्याबरोबर पेटवून देऊ नये.

रोलर स्वच्छ करण्यासाठी पेट्रोल, थिनर किंवा स्पिरिट वापरण्याची सवय अनेकांना असते. २०० अंशांच्या आसपास तापलेल्या भागाजवळ पेट्रोलची वाफ नेणे किती घातक आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही. यंत्र बंद करून, प्लग काढून, निदान अर्धा तास निवू दिल्यावरच ते उघडावे. अडकलेला कागदही घाईघाईने तुकडे करून ओढू नये. आत राहिलेला तुकडा फ्यूजरवर भाजत राहतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या ऑफसेट मुद्रणालयांत शाई पुसलेल्या चिंध्यांचा ढीग होतो. जवसाच्या तेलाची शाई लागलेल्या अशा चिंध्या बोळा करून ठेवल्या तर आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतात. त्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून रोज बाहेर काढाव्यात.

लॅमिनेशन यंत्राचे रोलर शंभर अंशांच्या पुढे तापलेले असतात. दिवसभरात दहा-बाराच ओळखपत्रे असली तरी 'गिऱ्हाईक आले तर पुन्हा तापायला वेळ लागेल' म्हणून ते सकाळी चालू केलेले रात्रीपर्यंत तसेच राहते. त्याच्या आसपास प्लॅस्टिकचे पाऊच, कागद, फायली ठेवलेल्या असतात. कामे गोळा करून ठराविक वेळी ते चालवावे आणि लगेच बंद करावे.

मंत्रालयाच्या आगीने काय शिकविले?

२१ जून २०१२ रोजी दुपारी मुंबईत खुद्द मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि ती सहाव्या मजल्यापर्यंत पसरली. पाच जणांना प्राण गमवावे लागले आणि असंख्य फायली भस्मसात झाल्या. तपासात घातपाताची शक्यता बाजूला पडून शॉर्ट सर्किटकडे बोट दाखविले गेले. लाकडी विभाजने, नकली छत आणि ठिकठिकाणी रचलेले कागद यांनी आगीला हातोहात पुढे नेले. राज्याच्या कारभाराचे केंद्र असलेल्या इमारतीत हे घडू शकते, तर पत्र्याच्या गाळ्याची काय कथा! त्या घटनेनंतर फायलींच्या संगणकीय प्रती ठेवण्याच्या कामाला जोर आला.

दुसरी घटना कोलकात्याची. ८ मार्च २०२१ रोजी तेथील रेल्वेच्या न्यू कोयलाघाट इमारतीत तेराव्या मजल्यावर आग लागली. तीत नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यांत अग्निशमन दलाचे चार जवान होते आणि बरेच जण लिफ्टमध्ये सापडले. आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये हा नियम भिंतीवर लिहिलेला असतो, पण घाईच्या क्षणी त्याची आठवण राहत नाही. सवय आधी लागलेली असेल तरच ती ऐनवेळी उपयोगी पडते.

आग लागलीच तर

पहिले काम मेन स्विच बंद करणे. वीज चालू असताना पाणी मारू नये. पाण्यातून शॉक बसतो. मेन स्विच दुकानाच्या दाराजवळ असावा आणि त्याच्यासमोर कागदाची रिमे रचलेली नसावीत.

दुसरे काम इतरांना बाहेर काढणे व १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळविणे. पत्ता सांगताना जवळची ठळक खूण सांगावी.

त्यानंतर आग कचऱ्याच्या टोपलीएवढीच असेल आणि आपली पाठ दाराकडे असेल तरच ती विझविण्याचा प्रयत्न करावा. विजेच्या यंत्रांसाठी कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक चालते. पिन ओढावी, नळी ज्वालेच्या मुळाशी धरावी, दांडा दाबावा आणि डावीकडून उजवीकडे फिरवीत जावे. लहान नळकांडे काही सेकंदांतच रिकामे होते, म्हणून आधी नेम, मग दाब. कार्बन डायऑक्साइडच्या भोंग्याला उघड्या हाताने धरू नये, तो बर्फापेक्षाही थंड होतो. आणि लहान बंद खोलीत तो वायू मारल्यावर लगेच बाहेर पडावे. पावडरच्या नळकांड्यावरील काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे महिन्यातून एकदा पाहावे.

धूर भरला असेल तर जमिनीलगत वाकून बाहेर पडावे. स्वच्छ हवा खालीच असते. बाहेर पडल्यावर संगणक, रोकड, कागद यांसाठी पुन्हा आत जाऊ नये.

कोणाला शॉक बसून तो चिकटला असेल तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे आणि १०८ ला फोन करावा. भाजलेल्या जागेवर साधे वाहते पाणी निदान २० मिनिटे सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये.

एक कळकळीची सूचना. कामाचे दिवस असले की मुले रात्री दुकानातच झोपतात आणि शटर आतून लावून घेतात. शटर हा एकच मार्ग असलेल्या खोलीत धुराने गुदमरल्यास किल्ली शोधण्याइतकेही भान राहत नाही. दुसरा दरवाजा नसेल तर अशा जागेत झोपू नये, कोणाला झोपूही देऊ नये.

विमा आणि दुसऱ्यांचे कागद

कर्जाने घेतलेल्या यंत्रांचा व मालाचा विमा बँक उतरविण्यास सांगते. अनेकांना तो नुसता खर्च वाटतो आणि पॉलिसी कोणी वाचत नाही. त्यातील तीन गोष्टी वाचल्याच पाहिजेत. एक, आग विम्यात साधारणपणे ज्या यंत्रात शॉर्ट सर्किट झाले त्या यंत्राची भरपाई वगळलेली असते. त्यातून पसरलेल्या आगीने जळालेल्या इतर वस्तूंची मिळते. दोन, विमा पूर्ण किमतीचा असावा; निम्म्या किमतीचा उतरविला तर नुकसानीचीही भरपाई त्याच प्रमाणात कापली जाऊ शकते. तीन, कागदपत्रे व दस्तऐवज स्पष्ट नोंद केल्याशिवाय विम्यात धरले जात नाहीत. लहान उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या नावाची प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे, तिची चौकशी करावी.

यातील तिसरा मुद्दा सर्वांत जिव्हाळ्याचा. यंत्र जळाले तर दुसरे येईल, कर्जाचे हप्ते कसेबसे फिटतील. पण एखाद्या मुलाची मूळ गुणपत्रिका किंवा आजोबांच्या काळातील जातीची नोंद असलेला जुना कागद जळाला, तर तो कोणत्याही विम्याने परत येत नाही. म्हणून झेरॉक्स व सेवा केंद्र चालविणाऱ्यांनी 'उद्या या, कागद इथेच राहू द्या' असे कधीही म्हणू नये. मूळ कागद त्याच दिवशी, हातोहात परत द्यावेत. आणि पालकांनी आपल्या कागदांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. २०१५ पासून सुरू असलेल्या डिजिलॉकरमध्येही अनेक दाखले ठेवता येतात.

कायदा आणि आपली जबाबदारी

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा अधिनियम लागू आहे. त्याखाली येणाऱ्या इमारतींत अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक व भोगवटादार यांच्यावर आहे, आणि दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र सादर करावे लागते. आपल्या संकुलाचे ते प्रमाणपत्र आहे काय, असे विचारण्यात संकोच बाळगू नये.

१४ एप्रिल हा दिवस आपण सर्व जण मोठ्या उत्साहाने साजरा करतो. हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले आणि आग विझविताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना वीरमरण आले. त्या जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. जे पेटते आणि जे पेटविते ते एका जागी ठेवू नये, हा धडा त्या गोदीइतकाच आपल्या दहा बाय बाराच्या खोलीलाही लागू आहे. १४ ते २० एप्रिल या अग्निशमन सप्ताहात आपल्या मंडळांनी व वसतिगृहांनी अग्निशमन दलाच्या जवानांना बोलावून अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. त्याच सप्ताहात जयंतीच्या मांडवातील रोषणाईच्या वायरीही डोळ्यांखालून घालता येतील.

बंद करताना पाच मिनिटे

शेवटी, रोज दुकान किंवा कार्यालय बंद करताना करावयाच्या पाच गोष्टी येथे देत आहे. या कागदाची एक प्रत काढून मेन स्विचच्या वर चिकटवावी.

१. लॅमिनेशन, झेरॉक्स व प्रिंटर यांचे स्विच बंद करून प्लग काढावेत. यंत्र झोपेच्या स्थितीत असले तरी आत वीज असते.

२. सॉकेट व एक्स्टेन्शनला डाग, वास, ऊब आहे काय ते पाहावे.

३. यंत्राभोवतीचे कागद, पाऊच, चिंध्या उचलून वीतभर जागा मोकळी करावी.

४. कोणाचा मूळ कागद काचेखाली किंवा टेबलावर राहिला आहे काय ते पाहावे.

५. मेन स्विच बंद करून मगच शटर ओढावे.

यासाठी पैसा लागत नाही, पदवीही लागत नाही. लागते ती रोजची शिस्त. मोठ्या कष्टाने उभा राहिलेला आपल्या मुलांचा व्यवसाय आणि विश्वासाने त्यांच्या हाती दिलेले लोकांचे कागद, या दोन्हींचे रक्षण त्या पाच मिनिटांत होऊ शकते.